लोथ्रॉप वकिलाचं शेवटचं पान

दापोली,
४ ऑगस्ट २०२४

चि. हेमलता हिस आशीर्वाद.

रजिस्टर पोस्टाचं पाकीट बघून दचकली असशील. घाबरू नकोस, कुणी गेलेलं नाही आणि तुझ्यावर कुणी दावाही लावलेला नाही. वकील संघाची स्मरणिका निघते आहे आणि संपादकपद माझ्या गळ्यात पडलंय. बाररूमचं जुनं कपाट साफ करताना एक इंग्रजी पुस्तक सापडलं, १८९१ साली छापलेलं. इंडियानातल्या अ‍ॅबनर लोथ्रॉप नावाच्या वकिलाचं चरित्र. आधी वकील, मग तिथल्या राज्याच्या विधिमंडळात, मग थेट वॉशिंग्टनला. निम्मं वाळवीनं खाल्लंय. इंटरनेटवर अख्खं आहे म्हणतात.

तर या गृहस्थाचं चरित्र वीसेक पानांत मराठीत लिहून दे. माझ्या हाताखाली मराठीत सरळ वाक्य लिहू शकणारी एकच ज्युनिअर झाली. नऊ वर्षं राहिली आणि बारा वर्षांपूर्वी नवऱ्याच्या व्हिसावर रियाधला गेली. तेव्हा मी तुला जे बोललो ते बोललो. आता एसीत बसून थोडं काम कर.

पानं मेलनं पाठव, पंकज छापून देईल. खासगी काही असेल तर मात्र पोस्टानं. पंकज पन्नाशीला आला, पण आलेली मेल ऑफिसभर मोठ्यानं वाचायची त्याची खोड गेली नाही. परवा माझा शुगरचा रिपोर्ट चार पक्षकारांनी ऐकला. फोनवर काही ठरवायचं नाही, हा माझा जुना नियम तुला माहीत आहे.

पक्षाचे लोक दोनदा येऊन चहा पिऊन गेले. विधानसभेचं काहीतरी म्हणत होते. मी दमलोय हे त्यांना दिसत नाही की दिसूनही चालतं, कोण जाणे.

सुबोध खांबेटे


रियाध,
२५ ऑगस्ट २०२४

आदरणीय सर,
नमस्कार.

तुमचं पाकीट जगदीशच्या बँकेत येऊन तीन दिवस पडलं होतं. घरी आणून त्यानं माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाला, "घे, कोर्टाची आठवण आली त्यांना." मी ते स्वयंपाक होईपर्यंत उघडलं नाही.

एसीत बसून मी काय करते ते सांगते. आर्याला शाळेत सोडते, तिथून भाजी, तिथून घर, परत शाळा, परत क्लास. रियाधमध्ये कुठलीच जागा कुठल्याच जागेजवळ नाही, त्यामुळे दिवसातले तीन तास मी गाडीत असते. माझ्या इकाम्यावर, म्हणजे इथं राहण्याच्या परवान्यावर, अरबीत स्पष्ट छापलंय: कामाची परवानगी नाही. बारा वर्षं ते कार्ड पर्समध्ये घेऊन फिरते आहे. पोळ्या लाटते ते काम नसावं.

लोथ्रॉप मात्र आवडला. जन्म १८११, बाप कातडी कमावणारा. कॉलेज नाही, काही नाही. एका न्यायाधीशाच्या ऑफिसात कागद उतरवून काढता काढता कायदा शिकला. त्या काळी तिकडं न्यायाधीश आणि वकील घोड्यावरून मिळून गावोगाव कोर्ट भरवत फिरायचे. दिवसा एकमेकांचे गळे धरायचे आणि संध्याकाळी एकाच खानावळीत एकाच बाकावर जेवायचे. खेडहून परतताना तुम्ही आणि तुमचे विरुद्ध बाजूचे वकील एका जीपमध्ये बसायचात, मी मागं फायली धरून, ते आठवलं.

१८४६ साली त्याच्याकडं मर्सी डन नावाची बाई आली. नवरा वारला होता. मरताना मृत्युपत्र केलं की मुलीचा पालक माझा भाऊ. आईचं नावच नाही. तिकडचा कायदा तसाच होता, बाप मुलगी कुणालाही देऊन जाऊ शकत होता. दिरानं पाच वर्षांची मुलगी उचलून नेली. लोथ्रॉप तीन दिवस बोलला आणि हरला. निकाल देऊन न्यायाधीश खाली उतरला आणि त्याला म्हणाला, "अ‍ॅबनर, कायदा असा आहे. तुला तो नको असेल तर चुकीच्या इमारतीत आला आहेस." पुढच्या वर्षी लोथ्रॉप निवडणुकीला उभा राहिला.

बाकीचं वाचते आहे. वाचताना चष्मा लागतो, ही इथली एकमेव प्रगती.

आनंदीबाई कशा आहेत? त्यांच्या विहिरीच्या वाटेचं काय झालं? सहज विचारलं.

आपली,
हेमलता


दापोली,
१५ सप्टेंबर २०२४

चि. हेमलता,

सहज विचारलंस म्हणून सहज सांगतो. आनंदीबाईंचा दावा तू सोडून गेलीस तेव्हा होता तिथंच आहे. शेजाऱ्यानं गडगा घालून विहिरीची वाट बंद केली, तेव्हा बाई साठीच्या आत होत्या. उलटतपास तू तयार केला होतास आणि तारखेच्या आठ दिवस आधी तुझा व्हिसा आला. मी तयारीशिवाय उभा राहिलो आणि तो दिवस वाया घालवला. हरलो, अपिलात गेलो, अपील कोर्टानं पुन्हा पहिल्यापासून चालवा म्हणून खाली पाठवलं. बाई आता चौऱ्याहत्तर वर्षांच्या आहेत. दर तारखेला येतात. "त्या बाई कुठं गेल्या?" असं अजून विचारतात. मी म्हणतो, परदेशात. त्या म्हणतात, "बरं बरं," आणि बाकावर बसतात.

तुझ्या न्यायाधीशाचं वाक्य मी तीनदा वाचलं. चुकीची इमारत. अडतीस वर्षं मी या इमारतीचे जिने चढतोय. मनाई हुकूम मिळता मिळता विहीर आटते. दावा चालू असेपर्यंत पाण्याची वाट कुणाला अडवता येणार नाही, एवढी एक ओळ कायद्यात घालता आली तरी पुष्कळ.

तिकीट मला देतायत. गंमत म्हणून नाही, खरंच. २५ ऑक्टोबरपर्यंत हो किंवा नाही सांगायचं आहे. ऐकून तू हसशील, पण मला ते हवंय. सहासष्टाव्या वर्षी एखादी गोष्ट हवी वाटली, याचंच मला नवल वाटलं.

आता मुद्द्याचं. लोथ्रॉप वॉशिंग्टनला गेला तेव्हा त्यानं ऑफिस कुणाच्या हवाली केलं? हे सविस्तर लिही, गाळू नकोस. माझ्या हाताखालचा शर्विल पुण्याला कंपनीत लागला. कपाटात एकशे चाळीस फायली आहेत. तुला यात काही करता येईल असं नाही, तुझा संसार आहे, मुलगी बारावीला आहे. लोथ्रॉपचं तेवढं कळव.

सुबोध खांबेटे


रियाध,
शुक्रवार, ४ ऑक्टोबर २०२४

आदरणीय सर,

हे पत्र केरूच्या हाती देते आहे. पोस्टाला तीन आठवडे लागतात आणि तुमची तारीख पंचवीस आहे. केरूला यंदा गणपतीत रजा मिळाली नाही, आता मिळाली आहे. आठ तारखेला निघून दहाला दापोलीत पोचेल. तुम्ही त्याची जमीन सोडवून दिलीत, तेव्हापासून तुमचं नाव काढलं की तो उभा राहतो. अल खर्जच्या दुधाच्या प्लांटवर स्टीलच्या पाइपांचं वेल्डिंग करतो. आज जगदीश आणि मी त्याच्या कॅम्पवर जाऊन पाकीट देणार आहोत.

लोथ्रॉपची वीस पानं आज सकाळी पंकजला मेल केली. ती तुम्ही आधी वाचाल. म्हणून हे पत्र. शेवटचं पान कडू झालंय. सभ्य स्मरणिकेत शोभेल असं मी दोनदा लिहून पाहिलं, पण खोटं वाटायला लागलं. शेवट असा केला आहे:

"लोथ्रॉपनं सात वर्षं झगडून कायदा बदलला. आईला विचारल्याशिवाय बापाला मूल देता येणार नाही, असं कलम आलं. पण ते त्या दिवसापासून पुढं लागू होतं. मर्सी डनची मुलगी तोवर बारा वर्षांची झाली होती आणि आईला ओळखत नव्हती. मर्सीचं अपील लोथ्रॉपनं ज्या ज्युनिअरला सोपवलं होतं, तो एका हिवाळ्यात गाव सोडून गेला, कुणाला न सांगता. मर्सी तरीही त्या बंद ऑफिसच्या पायरीवर येऊन बसत असे. चौदा वर्षांनी वॉशिंग्टनहून लोथ्रॉप परतला तेव्हा ऑफिसात खोगिरं शिवणारा बसला होता. कोर्टात त्याला कुणी ओळखलं नाही. जो माणूस आपला पक्षकार मध्येच सोडून जातो, त्याला परतायला जागा नसते, आणि ती त्यानं मागूही नये."

सर, हे तुमच्याबद्दल नाही. तुम्ही जायलाच हवं. तुम्ही आमदार झालात तर मी इथं रियाधमध्ये पेढे वाटेन. हे मी माझ्याबद्दल लिहिलंय. न सांगता गाव सोडून गेलेला तो ज्युनिअर पुस्तकात अर्ध्या ओळीत आहे. त्याचं नावसुद्धा दिलेलं नाही. मी त्या अर्ध्या ओळीपाशी चार दिवस बसले होते.

आता सरळ सांगते, कारण नंतर धीर होणार नाही. मला परत यायचं आहे. स्थगित केलेली सनद पुन्हा चालू करण्याचा अर्ज मी ऑगस्टमध्येच केला. आर्याची परीक्षा मार्चमध्ये संपते, ती पुण्याला जाईल. जगदीशला सांगितलं तेव्हा तो भात कालवत होता. म्हणाला, "मला वाटलं तू पाच वर्षांपूर्वीच सांगशील." एवढंच. बारा वर्षं मी ज्याला घाबरले ते भाताच्या दोन घासांत संपलं.

पण तुमच्याकडं ऑफिस मागायची मला लाज वाटते. मी आनंदीबाईंना टाकून गेले. जाताना तुम्ही म्हणालात, "जा. बायकांवर फायली ठेवू नयेत हे मला उशिरा कळलं." ते लागलं होतं, कारण खरं होतं, निदान माझ्यापुरतं. तुम्ही पत्रात विचारता की लोथ्रॉपनं ऑफिस कुणाला दिलं. सर, मला विचारा ना. मी हो म्हणणार आहे. फक्त तुम्ही विचारलेलं असू दे, मी मागितलेलं नको.

फोन केला तर रडू येईल. पक्षकारांचं रडणं तुम्हाला चालतं, ज्युनिअरचं चालत नाही.

तुमची,
हेमलता


दापोली,
३० ऑक्टोबर २०२४
(मेलद्वारे. टंकलेखन: पंकज)

प्रिय सौ. हेमलता,

चरित्राची पानं वेळेवर मिळाली. काम उत्तम झालं आहे. एक स्वल्पविरामही हलवावा लागला नाही. स्मरणिका डिसेंबरात निघेल.

पानं आली त्या दिवशी पक्षाचे जिल्हाध्यक्ष आणि आणखी दोघे ऑफिसात चहाला बसले होते. पंकजनं नेहमीप्रमाणं मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. वीस पानं कोण ऐकणार, म्हणून त्यानं थेट शेवटचं घेतलं. वाचून झाल्यावर जिल्हाध्यक्षांनी चहा पुरा केला नाही.

मी पुढचे वीस दिवस विचार केला. मी तुला लोथ्रॉपच्या आडून प्रश्न विचारला होता आणि तू लोथ्रॉपच्या आडूनच उत्तर दिलंस. आपल्या दोघांना आयुष्यभर जुन्या खटल्यांच्या नजिरा देऊनच बोलता आलं. तुझी नजीर चपखल आहे. आनंदीबाई पायरीवर बसलेल्या मला दिसल्या. पक्षकार मध्येच सोडून जाणाऱ्यानं जागा मागू नये. निकाल मान्य आहे.

२५ तारखेला मी नाही म्हणून कळवलं. तिकीट दुसऱ्याला गेलं. काल अर्ज भरायची मुदत संपली. आता त्यात बोलण्यासारखं काही उरलेलं नाही. फायली हवाली करण्यासारखं कुणी नसताना मी जायचा विचार केला, हीच चूक होती. स्पष्ट लिहिल्याबद्दल आभारी आहे.

दिवाळीच्या शुभेच्छा. जगदीशरावांना नमस्कार.

अ‍ॅड. सुबोध खांबेटे


रियाध,
१ नोव्हेंबर २०२४
(मेलद्वारे)

पंकज, ही मेल तू उघडशील हे मला माहीत आहे. उद्या पाडवा, सरांकडं फराळाला माणसं असतील. ती असतानाच वाच. मोठ्यानं वाच. जे मी लपवून पाठवलं त्याचं काय झालं ते पुढं येईलच, आता लपवायचं काही ठेवायचं नाही.

सर,

केरू आलाच नाही ना? तुमची मेल वाचून मी त्याला फोन केला. प्लांटवर दुरुस्तीसाठी शटडाऊन निघालं, सगळ्यांच्या रजा पुढं गेल्या, त्याची पंधरा नोव्हेंबरपर्यंत. त्याच्या हाती दिलेलं माझं पत्र अजून त्याच्याकडंच आहे. दाभोळचा एक फिटर त्याच आठवड्यात गावाला गेला, त्याच्याकडं का नाही दिलंस विचारलं, तर म्हणाला, "मॅडम, वकिलांचा कागद तो. दुसऱ्याच्या हाती कसा द्यायचा? सरांनीच तर शिकवलानी मला, जमिनीच्या वेळी. मी उशीखाली ठेवलाय. एकदम सेफ हाय." मला कळवायचं त्याला सुचलं नाही. मीही विचारलं नाही. मला वाटलं, तुम्ही पत्र वाचलंत आणि तुमचं उत्तर नाही आहे. वीस दिवस मी तशीच गप्प राहिले. तुम्ही तिकडं माझ्या पानावर विचार करत होतात आणि मी इकडं तुमच्या न आलेल्या उत्तरावर.

त्या पत्रात लिहिलं होतं की शेवटचं पान माझ्याबद्दल आहे. तुमच्याबद्दल नाही. पक्षकार सोडून गेले ती मी. तुम्ही जावं असं मला मनापासून वाटत होतं. आणि लिहिलं होतं की मला परत यायचं आहे, तुमच्या ऑफिसात, तुमच्या फायलींवर, आनंदीबाईंच्या दाव्यावर. सनदेचा अर्ज केला आहे. एप्रिलमध्ये येऊ शकते.

काल दिवसभर मी काही केलं नाही. आर्यानं विचारलं, "आई, व्हॉट हॅपन्ड?" मी म्हटलं, एक माणूस आमदार झाला असता. ती म्हणाली, "सो कॉल हिम ना." इतकं सोपं होतं ते. तिला नियम माहीत नाहीत म्हणून तिला दिसलं.

मला माफ करा असं म्हणत नाही. त्यानं काय होणार आहे. फक्त तुम्हाला खरं कळावं.

हेमलता


दापोली,
३ नोव्हेंबर २०२४

हेमलता,

हे मी पंकजला न देता स्वतः टाइप केलंय, एका बोटानं. दुपार गेली.

त्यानं वाचलं काल. पाडव्याला घरी बारा-पंधरा माणसं होती, चकल्यांच्या ताटल्या हातात घेऊन. पहिल्यांदाच तो मध्येच थांबला आणि म्हणाला, सर, पुढचं तुम्ही वाचा. मी म्हटलं, वाच. त्यानं वाचलं.

तुला बरं वाटावं म्हणून मी सांगू शकतो की तिकीट मी तसंही नाकारणार होतो, माझं वय झालं, प्रकृती आहे. आज सकाळी असं लिहिलंही होतं. पुसलं. खोटी साक्ष होईल. मला ती आमदारकी हवी होती. विधानसभेत उभं राहून पहिल्यांदा काय बोलायचं, ते मी आंघोळ करताना पाठ करत होतो. रस्त्यावर दुसऱ्याची रिक्षा भोंगा लावून जाते तेव्हा मी खिडकी लावून घेतो, आणि वीस तारखेच्या मतदानापर्यंत ती रोज जाणार आहे. हे पुन्हा येणार नाही. पाच वर्षांनी मी एकाहत्तर असेन. याचं दुःख मला राहील, आणि तू समोर बसलेली असशील तेव्हाही कधीतरी ते वर येईल. तेव्हा मी वाईट बोलेन. ऐकून घे.

पण दोष एकट्या तुझा नाही. शेवटचं पान ऐकलं तेव्हा मला राग यायला हवा होता, फोन उचलून विचारायला हवं होतं, काय गं, हे मला म्हणतेस? मी विचारलं नाही, कारण आत कुठंतरी हायसं वाटलं. कुणीतरी मला थांबवलं, तेही माझ्याच ज्युनिअरनं, लेखी. इतक्या वर्षांनंतर हरायची भीती वाटत नाही असं मी लोकांना सांगत असतो. ती वाटते.

आणि बारा वर्षांपूर्वी बायकांबद्दल जे बोललो ते खरं नव्हतं. मला भीती वाटली होती की तुझ्याशिवाय माझ्याच्यानं ते ऑफिस चालणार नाही. नंतर चाललं, पण चांगलं नाही. हे तेव्हा सांगायला हवं होतं.

आता मी थकलोय. नुसता निवडणुकीनं नाही, सगळ्यानंच. एकशे चाळीस फायलींतल्या निम्म्या मी नीट वाचल्याही नाहीत या वर्षी. लोकांना ते माहीत नाही. तुला सांगतोय.

म्हणून विचारतो. सप्टेंबरात विचारायला हवं होतं, आत्ता विचारतो, कुणाच्याही आडून नाही. माझं ऑफिस तू घेशील का? हाताखाली नव्हे. तुझ्या नावानं.

सुबोध